पायऱ्यांचा घाट, सपाट काठ

आपल्याकडे नदीकाठ बांधला गेला तो स्नानसंध्येसाठी, फेरफटक्यासाठी नव्हे. वाईत ढोल्या गणपतीसमोरचा कृष्णेचा घाट पाहा. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गुडघे धरलेल्याने किंवा दमेकऱ्याने तिथे चालायचे कुठे? म्हातारीकोतारी माणसे रोज घाटावर जातच होती, असे कोणी म्हणेल. जात होती, पण पुण्य पदरात पाडायला. दम लागणे त्यात गृहीतच होते. पुण्यात १८५० मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, तोही पाणीपुरवठ्यासाठी. अडलेल्या पाण्याशेजारी पुढे बंड गार्डन फुलले आणि सपाट वाटेवर सावकाश चालणे जमू लागले. आजाऱ्याची सोय झाली ती अशी, ओघाने. नव्या नदीकाठांच्या आराखड्यांत तरी ती आधी मांडावी, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाक ठेवावेत.