तिबेटी पोथ्या वाचणारा ‘कटवाला’

पूर्वपक्ष परिचयाचा आहे. अंधेरी-घाटकोपरकडे रशियाचा विषय निघाला, की जुने कार्यकर्ते आजही सांगतात : १९३७-३८मध्ये मारले गेले ते सत्तेसाठी कट करणारे, फॅसिझम दाराशी होता, अतिरेक झाला असेल, तर तो एकट्या स्टालिनचा.

पहिला मुद्दा कटाचा. १९२९मध्ये आपले धर्मानंद कोसंबी पाली शिकवायला लेनिनग्राडला गेले. तिथल्या बौद्धविद्येचे अध्वर्यू श्चेरबात्स्की. त्यांचा शिष्य आंद्रेई वोस्त्रिकोव्ह भारतीय तर्कशास्त्राचा आणि तिबेटी ग्रंथांचा अभ्यासक. २६ सप्टेंबर १९३७ला त्याला गोळी घातली. त्याआधी २ सप्टेंबरला वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे बंधू, यांनाही गोळी घातली गेली; ते लेनिनग्राडच्याच मानववंशशास्त्र संस्थेत होते. यांतला कोण क्रेमलिनच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता? दोघांनाही पुढे सोव्हिएत राज्यानेच निर्दोष ठरवले. वोस्त्रिकोव्हचा तिबेटी इतिहासलेखनावरचा ग्रंथ १९६२मध्ये मॉस्कोतच छापला गेला.

दुसरा मुद्दा युद्धाचा. जून १९३७मध्ये मार्शल तुखाचेव्हस्की आणि त्याचे सहकारी सेनानी मारले गेले. शत्रू दाराशी असताना आपलेच सेनापती संपवायचे, याला संरक्षण कोण म्हणेल?

तिसरा, एकट्याच्या लहरीचा. गुप्त पोलिसांच्या ३० जुलै १९३७च्या ००४४७ क्रमांकाच्या हुकुमात किती माणसे मारायची, याचे प्रांतवार आकडे होते. प्रांतांनी ते वाढवून मागितले. मारायच्या बड्या लोकांच्या याद्यांवर पंतप्रधान मोलोटोव्हसारख्यांच्याही सह्या आहेत. दोन वर्षांत ६,८१,६९२ मृत्युदंड, ही सरकारदप्तरीची नोंद. लहरीवर एवढे काम उरकत नाही. त्याला कचेऱ्या, कारकून आणि अपील नसलेली न्यायालये लागतात.

घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तो योग्यच होता. पण तिथल्या शौर्याने १९३७चे रक्त धुतले जात नाही.

मग मार्क्सवादच त्याज्य? तसे नाही. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर मार्क्सवादीच. १९४९मध्ये त्यांनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात कम्युनिस्ट पक्षाचे नेते कॉम्रेड डांगे यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकाची मार्क्सच्याच पद्धतीने चिरफाड केली आणि पुढेही मुंबईत संशोधन करत राहिले. १९४८नंतर आपल्या सरकारनेही कम्युनिस्टांना खटल्याविना डांबले, त्याचा निषेध हवाच. पण तोच निकष लेनिनग्राडलाही लावावा लागेल. नेत्याची चूक दाखवूनही माणूस जिवंत राहतो, ती व्यवस्था जपणे हे डाव्यांचेही काम आहे.