मस्कतची 'ग्रेझा' आणि आपली इगर्जी

मंडळी, मुलांना इतिहास दाखवायचा म्हणजे सुट्टीत भारतात जायचं, रायगड नाहीतर शिवनेरी चढायचा, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. मस्कतमध्ये राहणाऱ्या आईबाबांनो, एखाद्या शुक्रवारी त्यांना जुन्या मस्कतला घेऊन जा.

अल आलम राजवाड्यापाशी गेलात की बंदरावर दोन किल्ले दिसतील, जलाली आणि मिरानी. १५०७ मध्ये आल्बुकर्कने मस्कत जाळून ताब्यात घेतलं. हे किल्ले पोर्तुगीजांनी १५८० च्या दशकात उभारले. मिरानीत त्यांचं छोटं प्रार्थनाघर आहे. गावात ऑगस्टिनियन साधूंचा मठ आणि चर्चही होतं. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी पोर्तुगीजांना इथून हाकललं.

मठ गेला, पण शब्द राहिला बघा! जुन्या मस्कतमधल्या एका वाड्याचं नाव आहे 'बैत ग्रेझा'. बैत म्हणजे घर, आणि ग्रेझा हा पोर्तुगीज 'इग्रेजा'चा, म्हणजे चर्चचा, अरबी अवतार. त्याच शब्दावरून मराठीत 'इगर्जी' आलं, कोकणीत 'इगर्ज'. ओमानी आरमाराने १६९८ मध्ये मोम्बासाचा फोर्ट जीझस जिंकला. तिकडच्या स्वाहिलीत 'गेरेझा' म्हणजे चक्क तुरुंग!

आता गोष्ट आपल्या किनाऱ्यावर येते. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर धाड घातली आणि कोटाबाहेरची चर्चं लुटली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची प्रसिद्ध घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल कोरलंय.

मुलं विचारतील, "मग यात चांगले कोण, वाईट कोण?" उत्तराची घाई करू नका. जाळपोळ पोर्तुगीजांनी केली, लूट अरबांनी केली, घंटा आपण नेल्या. आपली बाजू झाकून सांगितलेला इतिहास मुलं मोठी झाली की स्वतःच उघडून बघतात, आणि मग आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

परतताना रुवीच्या सेंट पीटर अँड पॉल चर्चवरून या. ज्या देशाने पोर्तुगीजांना हाकललं, त्याच देशाच्या सुलतान काबूस यांनी या चर्चसाठी जागा दिली. १९७७ पासून ते उभं आहे, आणि शुक्रवारी तिथे आपल्याकडच्याच माणसांची गर्दी असते.

"आम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न परदेशात वाढणारं प्रत्येक मूल कधीतरी विचारतंच. त्या दिवशी त्याला सांगा, की मस्कत आणि वसई एकमेकांना चांगली साडेतीनशे वर्षं ओळखतात. तू या दोन्ही गावांना परका नाहीस. पुढच्या सुट्टीत वसईचा किल्लाही दाखवा. तिथल्या पडक्या चर्चमध्ये ऑगस्टिनियनांचंही एक आहे. मुलांनाच शोधू द्या.