27 जानेवारी 1963 चं गाणं



जयपूरच्या आमच्या कॉलनीत दर 26 जानेवारीला सकाळी सात वाजता लाउडस्पीकर सुरू होतो. झेंडावंदनापर्यंत पाच-सहा गाणी वाजतात आणि त्यांतलं एक ठरलेलं असतं. 'ऐ मेरे वतन के लोगों' लागलं की खुर्च्या मांडणारी पोरंसुद्धा बोलणं थांबवतात. हे गाणं कुठल्या सिनेमातलं नाही. एका कार्यक्रमात ते गायलं गेलं आणि पुढे रेडिओने घरोघर नेलं. साठ वर्षं उलटली तरी ते का टिकलं, याबद्दल आज थोडं बोलू.

आधी प्रसंग पाहू. 27 जानेवारी 1963, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची, आवाज लता मंगेशकरांचा. गाणं ऐकताना नेहरूंचे डोळे भरून आले, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. प्रदीपजींना मात्र त्या कार्यक्रमाचं आमंत्रण नव्हतं.

सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यांना हाताशी धरून त्यांनी हिंदी सिनेमात पाश्चात्त्य ठेका आणला. 1957 साली 'ईना मीना डीका' त्यांनीच केलं. देशाला रॉक अँड रोलवर नाचवणाऱ्या या माणसाने इथे सुरुवातीला ठेकाच काढून टाकला. पहिल्या ओळी तालाशिवाय येतात, समोर बसून कुणी बोलावं तशा. आधी काही वर्षं त्यांचं आणि लताबाईंचं एकत्र काम थांबलेलं होतं. या गाण्यासाठी दोघं पुन्हा एकत्र आले.

पण चाल आणि आवाज एवढ्यानेच गाणं साठ वर्षं टिकत नाही. मला वाटतं, खरं कारण तारखेत आहे.

चीनशी युद्ध 20 ऑक्टोबर 1962 ला सुरू झालं आणि 21 नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. म्हणजे कार्यक्रम झाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. सरकारी आकड्यांप्रमाणे आपले 1,383 जवान मारले गेले, 1,696 बेपत्ता झाले आणि जवळजवळ चार हजार कैद झाले. कैद्यांतले बहुतेक त्या दिवशी चीनच्याच ताब्यात होते. 'बेपत्ता' हा शब्द कागदावर लहान दिसतो. ज्या घरी तो तारेने येतो, तिथे कुंकू पुसायचं की ठेवायचं, हे कुणाला सांगता येत नाही.

आता लडाखमध्ये चुशूलजवळचं रेझांग ला बघा. उंची सोळा हजार फुटांहून जास्त. 18 नोव्हेंबरच्या पहाटे 13 कुमाऊंची चार्ली कंपनी तिथे लढली. कंपनी कमांडर मेजर शैतान सिंह आमच्या राजस्थानचे, जोधपूरकडचे. सुमारे 120 जणांपैकी 114 जण पडले. जवान बहुतेक अहीर, रेवाडी-गुडगाव भागातले. जयपूरहून दिल्लीला जाणारी गाडी रेवाडीवरूनच जाते.

आणि हे सगळे सापडले कधी? शोधपथक तिथे पोचलं फेब्रुवारी 1963 मध्ये. बर्फात गोठलेले, कित्येकांच्या हातात हत्यारं तशीच. म्हणजे दिल्लीत गाणं चाललं होतं तेव्हा ही माणसं खंदकातच होती. श्रोते ज्यांच्यासाठी रडले, त्यांच्यापैकी अनेकांचे अंत्यसंस्कारही झालेले नव्हते. शैतान सिंहांचं पार्थिव नंतर जोधपूरला आलं आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

म्हणून मी म्हणतो, हे विजयाचं गाणं नाही. आपण हरलो होतो. हरलेल्या फौजेला देश एकतर शिव्या देतो, नाहीतर विसरतो. या गाण्याने तिसरी वाट दाखवली, शोक करण्याची. गाण्यात शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी सगळे येतात, पण शत्रूचं नाव एकदाही येत नाही. विजयगीतं त्या त्या युद्धापुरती असतात. शोक मात्र पुढच्या प्रत्येक युद्धाला लागू पडतो. 1965, 1971, कारगिल, प्रत्येक वेळी हेच गाणं पुन्हा लागलं.

एक अनुभव सांगतो. 1987 च्या सुमारास मी तोफखान्यात कॅप्टन होतो, पोस्टिंग लडाखमध्ये. 26 जानेवारीला बंकरमधल्या ट्रान्झिस्टरवर हे गाणं लागलं आणि रेवाडीकडच्या माझ्या हवालदाराने उठून तो बंद केला. मी रागावलो. तो म्हणाला, "साहब, हमारे घर में यह नहीं बजता." त्याचे काका रेझांग लाचे. घरी आधी नुसती 'बेपत्ता' अशी तार आली होती. गावातल्या रेडिओवर गाणं वाजायला लागलं, तेव्हा आजी अजून दाराकडे बघत बसलेली. पुढे त्या घरात हे गाणं कायमचं बंद झालं. मी काही बोललो नाही. ट्रान्झिस्टर त्या दिवशी पुन्हा लावला नाही.

आता पैशाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. या गाण्याचं मानधन युद्धविधवांच्या निधीला जावं, अशी प्रदीपजींची इच्छा होती. ते 1998 साली गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला दहा लाख रुपये त्या निधीत भरायला सांगितलं, तेव्हा 2005 साल उजाडलं होतं. गाण्यानंतर 42 वर्षं!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रॉक मैफल केली. तिकिटांचे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफकडे गेले. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण तीन तबकड्यांच्या संचात निघालं आणि जगभर गाजलं. पण त्या विक्रीचे लाखो डॉलर अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले. दिल्ली असो की न्यूयॉर्क, डोळ्यांतलं पाणी त्याच संध्याकाळी येतं. मदत पोचायला मात्र कुणीतरी मागे लागावं लागतं.

29 जानेवारी 2022 ला बीटिंग रिट्रीटमध्ये गांधीजींच्या आवडीच्या 'अबाइड विथ मी'च्या जागी याच गाण्याची धून वाजली. त्या बदलावर वाद झाला, तो बाजूला ठेवू. आठच दिवसांनी, 6 फेब्रुवारीला, लताबाई गेल्या. शब्द लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारी, तिघंही आता नाहीत.

गाणं राहील, त्याची मला काळजी नाही. एकच विनंती आहे. पुढच्या 26 जानेवारीला ते लागलं की शेजारी उभ्या असलेल्या मुलाला 18 नोव्हेंबर 1962 ही तारीख सांगा आणि रेझांग ला नकाशावर दाखवा. आणि तुमच्या गावात एखाद्या वीरपत्नीचं पेन्शनचं काम अडलं असेल, तर तिच्याबरोबर एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. माझ्या माहितीत अशी दोन कामं नुसतं सोबत गेल्याने झाली आहेत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.