दिनविशेष : १५ मार्च – उसन्या ८० रुपयांचा उद्योग

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर जसवंतीबेन जमनादास पोपट आणि सहा गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. त्या दिवशी तयार झाली चार पाकिटे. ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ची ही सुरुवात.

देणगी घ्यायची नाही आणि नफा-तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हे सुरुवातीलाच ठरले. इथे कामाला येणारी बाई नोकर नसते, ‘बहीण’ म्हणजे मालकीण असते. सकाळी केंद्रावरून उडदाचे मळलेले पीठ घ्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. घर न सोडता हातात स्वतःचा पैसा! त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. ग्रामोद्योगाच्या त्या विचाराला १९३४ मध्ये संस्थेचे रूप मिळाले ते आपल्याच वर्ध्यात. जसवंतीबेन यांना २०२१ चा पद्मश्री लाभला.

सावंगी (मेघे) परिसरातल्या बचत गटांतील भगिनींनो, पापड-लोणच्याच्या पुढच्या ऑर्डरआधी मालकीचा हा हिशेब एकदा गटात मांडून पाहा.