गुप्तधन : शोध, नोंदी व वाङ्मय

भूमीत, भिंतीत किंवा अन्य अज्ञात जागी पूर्वी कोणी दडवून ठेवलेले आणि पुढे ज्याचा धनी उरला नाही, असे द्रव्य म्हणजे गुप्तधन. संस्कृत ग्रंथांत त्यास ‘निधी’ म्हटले आहे. एकत्र पुरलेल्या नाण्यांच्या संचयासही नाणकशास्त्रात हीच संज्ञा वापरतात. परचक्र, दरोडे, दुष्काळ व स्थलांतर यांच्या भयाने नाणी आणि दागिने मातीच्या अथवा धातूच्या भांड्यात घालून पुरण्याची प्रथा सर्वत्र होती. पुरणारा परत येऊ शकला नाही, म्हणजे ती ठेव तशीच राही. अशा द्रव्याच्या शोधाविषयीचे भारतीय वाङ्मय स्थूलमानाने तीन प्रकारचे आहे : धर्मशास्त्र व कायदा यांतील नियम, मांत्रिक स्वरूपाचे ग्रंथ व लोकसमजुती आणि अर्वाचीन काळातील शासकीय व विद्वत्तापूर्ण नोंदी.

प्राचीन नियम : मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात निधीच्या वाटणीचे नियम आले आहेत. निधी आपला असल्याचे खरेपणाने सांगणाऱ्याकडून राजाने सहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा; विद्वान ब्राह्मणास सापडलेला निधी त्याने सर्व ठेवावा; स्वतः राजास सापडल्यास त्याने अर्धा ब्राह्मणांना द्यावा, असे तेथे सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टी राजकोशाची आहे. निधीची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा, तो राजसेवक असल्यास बारावा हिस्सा आणि एक लक्षाहून मोठा निधी राजाचा, असा त्यातील नियम आहे. निधी लपविणाऱ्यास दंडही सांगितला आहे. ‘कोठे सापडले व कोणास सापडले’ हे राज्यास कळले पाहिजे, हे तत्त्व येथे प्रथम स्पष्ट दिसते.

मांत्रिक परंपरा : दंडीच्या दशकुमारचरितात सिद्धांजनाच्या साहाय्याने पुरलेले द्रव्य शोधल्याचा प्रसंग येतो. याच विषयाला वाहिलेला निधिप्रदीप हा संस्कृत ग्रंथ त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला आहे. महाराष्ट्रात पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, व्यक्तीच्या डोळ्यांत अंजन घातल्यास तिला भूमीतील धन दिसते, अशी समजूत होती. धनावर नाग बसतो किंवा मुंजा राखण करतो, या कल्पनाही सर्वश्रुत आहेत. या समजुतींचा परिणाम नेहमीच निरुपद्रवी राहिला नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या हत्यासत्राचा संबंध गुप्तधनासाठी दिलेल्या बळींशी जोडला गेला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून हे वाङ्मय जपावयाचे ते विधी म्हणून नव्हे, तर समाजाच्या मनोरचनेचा पुरावा म्हणून होय.

अर्वाचीन कायदा : १७८३ मध्ये कलकत्त्याजवळ कालीघाट येथे दोनशेहून अधिक गुप्तकालीन सुवर्णनाणी मिळाली. वॉरन हेस्टिंग्जने ती लंडनला पाठविली. काही नाणी तेथील संग्रहांत वाटली गेली, तर उरलेली वितळविण्यात आली. त्या वेळी अशा द्रव्याची पद्धतशीर नोंद करण्याची व्यवस्था नव्हती. ती भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ याने आली. दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन सापडल्यास त्याचे स्वरूप, मूल्य, जागा व दिनांक जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविण्याचे बंधन त्यात आहे. धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश मिळते. शासनास ते घ्यावयाचे असल्यास धातूच्या किमतीवर तिचा एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. धन दडविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

नोंदींचे महत्त्व : नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याची सु. १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविला होता. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट यांनी या संचयाचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, या नासिक लेण्यातील लेखाच्या विधानास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. सुटे एकच नाणे हाती आले असते, तर इतक्या व्यापक पुनर्मुद्रणाचे अनुमान करता आले नसते. संपूर्ण संचय मोजला गेला, म्हणूनच तो इतिहास झाला. राजस्थानातील बयाना येथे १९४६ मध्ये मिळालेल्या निधीतील १,८२१ गुप्त सुवर्णनाणी हाती आली. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९५४ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध केली. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे या निधीमुळेच ज्ञात झाले.

याउलट उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे (जि. अहमदनगर, सध्याचा अहिल्यानगर). १९७४ मध्ये तेथे झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही भरीव ब्राँझशिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पाकालीन ठरविली, तर धातूतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून डी. पी. अगरवाल यांनी या कालनिर्णयाविषयी शंका घेतली. शिल्पे शास्त्रीय उत्खननात विशिष्ट थरातून बाहेर आली नव्हती. स्थळावर पुढे विस्तृत उत्खनन झाले, तरी खणताना मोडलेला थर पुन्हा उभा करता आला नाही.

संरक्षण : शासनाकडे आलेल्या निधीतील नाणी तपासणीनंतर अनेक संग्रहालयांत वाटली जात. त्यामुळे ती मूळ एकाच भांड्यातील होती, याचा दुवा बहुधा केवळ कागदोपत्रीच उरतो. परमेश्वरीलाल गुप्त यांनी महाराष्ट्रातील नाणेनिधींची सूची १९७० मध्ये प्रसिद्ध केली. विखुरलेली माहिती एकत्र आणल्याने कोणत्या काळी कोठे कोणते चलन फिरत होते, याचा पट कसा मांडता येतो, हे अशा सूचींवरून दिसते. जिल्हा कार्यालयांतील निखात निधीच्या संचिका, संग्रहालयांच्या आवकनोंदवह्या, जुन्या नियतकालिकांतील वृत्तांत व स्थानिक आख्यायिका ही सर्व सामग्री नाण्यांइतकीच जपण्याजोगी आहे. सोन्याची किंमत बाजारात केव्हाही ठरते. ते कोठून, कशात व कशाबरोबर निघाले, हे मात्र एकदाच लिहून ठेवता येते.