कोल्हा, काकडी आणि बंदुकीची नळी

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आपण थोडक्यात खूश होणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतो. ज्याच्या मळ्यात काकडी आहे, त्याला मात्र ती शब्दशः खरी वाटते. कोल्हा नुसत्या काकडीवर थांबत नाही. मक्याचं कणीस, जमिनीतली भुईमुगाची शेंग, तापीच्या वाळूतली टरबुजं, उसाची गोड कांडी, सगळं त्याला चालतं.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव आहे. मागच्या हंगामात पुतण्याचा फोन आला. ‘‘काका, कोल्ह्यांनी मका आडवा केला. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करतोय. कोणत्या कॅलिबरची रायफल मागू?’’ त्याने मोबाइलवर इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या चित्रफिती पाहिल्या होत्या. तिथे मेंढ्यांची कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्यासाठी .223 बरी की .243, यावर रंगून चर्चा चालते. मी म्हटलं, ‘‘बाळा, हा प्रश्न आपल्याकडे शेतकऱ्याला कधी कुणी विचारलाच नाही. आपलं कॅलिबर सरकारने ठरवलं.’’ ती हकिकत आज सांगतो.

आधी प्राण्याविषयी. इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ मराठीत कोल्हा झाला खरा. पण आपला कोल्हा वेगळा. तो लांडग्या-कुत्र्याचा जवळचा नातलग, आठ-दहा किलोचा. ‘फॉक्स’चा खरा भाऊबंद म्हणजे आपलं खोकड. ते जेमतेम दोन-तीन किलोचं, झुपकेदार शेपटीचं, आणि उंदीर, सरडे, किडे, बोरं यांवर जगणारं.

आता नळीविषयी. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. ‘बारा बोअर’ म्हणजे त्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड वजन. म्हणून इथे आकडा वाढला की नळी लहान होते. वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. रायफलीच्या नळीला आतून पीळ दिलेला असतो. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाते. तिचं माप इंचाच्या भागात सांगतात. .303 म्हणजे इंचाचे हजारातले 303 भाग.

या मापांत राजकारण शिरलं ते 1857 नंतर. आमच्या सातपुड्यात खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली, 1858 मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. देशभर लोकांची शस्त्रं काढून घेण्याचं धोरण आलं आणि लॉर्ड लिटनच्या काळात 1878 चा शस्त्र कायदा झाला. त्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणसुद्धा होता! बंदुकीसाठी हिंदी माणसाला परवाना हवा, बहुतेक युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होत राहिली.

सरकारची खरी भीती काडतुसाची होती. लष्कराचं चोरीला गेलेलं काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये. म्हणून लष्करी मापं खासगी माणसाला बंद झाली. मार्टिनी-हेन्री रायफलीचं माप .450, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मापावर हिंदुस्थानात बंदी आली आणि विलायती कारागिरांनी शिकाऱ्यांसाठी .470 सारखी नवी मापं काढली. .303 लष्कराची म्हणून खासगी वापरासाठी .315 आली. स्वातंत्र्यानंतर आपल्याच इछापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. आजही परवान्याच्या भाषेत ‘निषिद्ध बोअर’ आणि ‘अनिषिद्ध बोअर’ हे शब्द आहेत, त्यांचं मूळ इथे आहे.

स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा शस्त्र कायदा केला. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याचा खास उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी. रायफलीचं नाव त्यात नाही.

आमच्या आजोबांकडे अशीच ठासणीची बंदूक होती. दारू, चिंध्या, छरे गजाने ठासायचे, टोपी चढवायची आणि मग बार. एकदा चुकला की कोल्हा तोवर दुसऱ्या शिवारात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकी तेव्हाच कणसं भरायला आलेली!

1971 च्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. भुईमूग काढणीला आला होता. मी लहान होतो, हट्टाने माळ्यावर झोपायला गेलो होतो. रात्री बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले. आमचा सालदार कुजबुजला, ‘‘आबा, थांबा.’’ पण बार निघाला होता. कोल्हा गेला पळून. बांधापलीकडे, सातपुड्यातून काढणीला उतरलेल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. तिथून बाईची किंकाळी आली. आजोबा अनवाणी धावले. छरे पाचटाच्या छपरावर पावसासारखे पडले होते. आत चार लेकरं झोपली होती. कुणाला ओरखडाही नव्हता. तेवढ्या अंतरात छऱ्यांचा जोर सरला होता.

पुढे एका नातेवाइकाने आजोबांना सुचवलं, ‘‘आबा, .315 साठी अर्ज करा, ओळखीने काम होईल.’’ आजोबा म्हणाले, ‘‘माझं शेत चार बिघ्यांचं. तिची गोळी कुठे थांबते, ते आधी सांग.’’ उत्तर सोपं आहे. .315 ची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. खेळण्यासारखी वाटणारी .22 सुद्धा दीड मैलापर्यंत धोक्याची असते. बारा बोअरचे बारीक छरे मात्र चाळीस-पन्नास पावलांपलीकडे फारसे कामाचे राहत नाहीत. आमच्या शिवारात एवढ्या पल्ल्यात रस्ता, विहीर, वस्ती काही ना काही येतंच.

इंग्रजांनी आमच्या हाती आखूड पल्ल्याची बंदूक ठेवली ती अविश्वासापोटी. तो अपमानच होता, त्याला दुसरं नाव नको. पण त्या रात्री चार लेकरं वाचली ती आखूड पल्ल्यामुळेच, हेही मला नाकारता येत नाही.

पुतण्याला मी आणखी एक सांगितलं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हापासून शिकारीचे नियम पार बदलले. आज कोल्हा आणि खोकड दोघेही संरक्षित आहेत. बंदुकीचा परवाना मिळाला तरी तो कोल्हा मारण्याचा परवाना होत नाही. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. विजेची उघडी तार तर लावूच नये. तिला कोल्हा आणि रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस यांतला फरक कळत नाही. मक्याला राखण ठेव, रात्री दिवा-आवाज कर, बांधावरची झुडपं साफ कर. आणि हिशेबही मांड: कोल्हा कणसं खातो, तसे उंदीरही खातो.

पुतण्याने अर्ज केला नाही. मका निघाला, थोडा कोल्ह्यांनी नेला, बराचसा घरी आला. आता उसात बिबट्या दिसतो, अशी नवी काळजी त्याने परवा फोनवर सांगितली. कॅलिबर मात्र विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)