इंद्रजाल कॉमिक्स
इंद्रजाल कॉमिक्स : मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ वृत्तसमूहाने (बेनेट, कोलमन आणि कंपनी) मार्च 1964 मध्ये सुरू केलेली आणि 1990 मध्ये बंद पडलेली चित्रकथामाला. आधी मासिक, मग पाक्षिक आणि अखेरीस साप्ताहिक झालेल्या या मालेचे क्रमांक 800 च्या पुढे गेले. इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीतही ती निघत असल्यामुळे मुखवटाधारी नायकाची सचित्र साहसकथा मराठी मुलांच्या हाती नियमितपणे प्रथम पडली ती प्रामुख्याने या मालेतून.

मालेचा प्रमुख नायक वेताळ, म्हणजे अमेरिकन लेखक ली फॉक यांनी 17 फेब्रुवारी 1936 पासून वृत्तपत्रांत सुरू केलेल्या चित्रपट्टीतील ‘फँटम’. तिचे पहिले चित्रकार रे मूर होते. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दाखवणारा मुखवटा ही सुपरहीरोची, म्हणजे असामान्य सामर्थ्याने दुष्टांशी लढणाऱ्या वेषधारी नायकाची, ओळखचिन्हे वेताळाने 1938 मधील सुपरमॅनच्या आधीच रूढ केली. मात्र त्याच्या अंगी दैवी शक्ती नाही. चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या खलाशाने 1536 मध्ये पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध शपथ घेतली, त्या वंशातील हा एकविसावा पुरुष, आणि बापाचा मुखवटा मुलगा चढवतो म्हणून जंगलातील लोक त्याला अमर मानतात. घराण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची ही कल्पना भारतीय वाचकाला सहज आपली वाटावी अशीच होती.

मूळ पट्ट्या जशाच्या तशा छापल्या जात नसत. पट्टीतील देशाचे ‘बंगाला’ हे नाव भारतातील बंगालशी गल्लत करणारे म्हणून त्याचे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ नावाच्या चाच्यांच्या टोळीला ‘सिंगा’ म्हटले गेले आणि वेताळाच्या पित्याचा खुनी ‘रामा’ हा ‘रामालू’ ठरला. पात्राच्या मुखातील शब्द ज्यात लिहितात त्या फुग्यातील एवढ्याशा फेरफारांमागे संपादकांनी वाचकांच्या भावनांचा केलेला विचार दिसतो. मालेच्या आरंभीच्या कामाशी संबंधित असलेले अनंत पै यांनी पुढे 1967 मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली.

इंद्रजाल मालेची स्वतःची खरी निर्मिती म्हणजे डिसेंबर 1976 मध्ये अवतरलेला ‘बहादूर’. लेखक आबिद सुरती व चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांनी घडवलेला हा तरुण डाकूचा मुलगा असून पित्याला ठार करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच त्याला वाढवलेले असते. त्यामुळे सूडाऐवजी गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारण्याचा मार्ग तो निवडतो. भगवा कुर्ता आणि जीन्स हा त्याचा वेष, आणि मुखवटा मुळीच नाही. चंबळच्या दरोडेखोरांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या पिढीला हा नायक आयात नायकांहून अधिक खरा वाटणे स्वाभाविक होते, आणि मालेचे सर्वांत मोलाचे काम तेच होय.

वेताळाला पडद्यावर वारंवार आणले गेले : कोलंबिया कंपनीची 1943 मधील पंधरा भागांची मालिका (नायक टॉम टायलर) आणि सायमन विन्सर दिग्दर्शित 1996 चा चित्रपट (नायक बिली झेन) हे त्यांतील ठळक प्रयत्न. मुखवटाधारी नायक मराठी पडद्यावरही आला : निखिल महाजन दिग्दर्शित ‘बाजी’ (2015) या चित्रपटात श्रेयस तळपदे यांनी मुखवटाधारी रक्षकाची भूमिका केली.

मराठी चित्रकारांची चित्रकथांच्या क्षेत्रातील कामगिरी मात्र अन्य भाषांतून अधिक प्रकट झाली. ‘अमर चित्र कथा’तील ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी रेखाटला. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी त्याच मालेतील पौराणिक-ऐतिहासिक अंकांनंतर दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 1986 मध्ये अवतरलेल्या ‘नागराज’ या हिंदी सुपरहीरोचे असंख्य अंक चितारले. स्नायूंची ठसठशीत बांधणी आणि सापांची वळणे यांतून हिंदी वाचकांच्या मनात ठसलेले नागराजाचे रूप बऱ्याच अंशी त्यांच्या कुंचल्याचे आहे. नागराजाच्या तोडीचा, दीर्घकाळ चाललेला सुपरहीरो मराठी प्रकाशकांनी निर्माण केला नाही, ही उणीव चित्रकारांच्या अभावाची नव्हे, प्रकाशकांच्या धाडसाच्या अभावाची आहे.